वर्तमानपत्र पिवळं का पडतं? झाडाच्या ‘सिमेंट’ची म्हणजे लिग्निनची गोष्ट

मागच्या दिवाळीत घरी आवराआवर करताना आईची एक जुनी फाईल सापडली. त्यात तिच्या दहावीच्या निकालाचं कात्रण होतं, १९८८ सालचं. तेव्हा निकाल वेबसाईटवर नाही, पेपरात यायचा. बारीक अक्षरात नुसते बैठक क्रमांक छापलेले, आणि आईच्या नंबरखाली आजोबांनी निळ्या शाईने मारलेली रेघ.

मी ते कात्रण उचललं आणि घडीवर त्याचे दोन तुकडे झाले. रंग चहासारखा, कडा बिस्किटासारख्या. आई म्हणाली, “जाऊ दे रे, जुना कागद असाच होतो.”

पण त्याच फाईलमध्ये, त्याच वर्षीचा, तिचा शाळा सोडल्याचा दाखलाही होता. तो थोडासा मळकट, पण धडधाकट. घडी उघडली तरी काही झालं नाही. दोन्ही कागद तितकेच जुने आणि एकाच कपाटात ठेवलेले, मग एकाचाच चुरा का झाला?

शोधत गेलो आणि एका अशा पदार्थापाशी पोहोचलो ज्याच्यामुळे झाडं उभी राहतात, भेंडी जून होते, डिलिव्हरीचा खोका तपकिरी दिसतो आणि उद्या कदाचित तुमच्या फोनची बॅटरीही चालेल. त्याचं नाव लिग्निन. चला, नीट समजून घेऊ.

लिग्निन म्हणजे नेमकं काय?

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. प्राण्यांच्या पेशींना ती नसते. आरसीसीचं बांधकाम डोळ्यांसमोर आणलं की ही भिंत पटकन कळते.

आरसीसीमध्ये लोखंडी सळया असतात. इथे सळयांचं काम सेल्युलोज करतं, म्हणजे ग्लुकोजचे हजारो कण एकापुढे एक जोडून झालेले लांब, सरळ धागे. सळया जागेवर धरायला बांधणीची तार लागते, ते काम हेमिसेल्युलोज करतं. आणि या सगळ्याच्या मधल्या फटींमध्ये ओतलेलं काँक्रीट म्हणजे लिग्निन. सेल्युलोज ओढ सहन करतं, लिग्निन दाब सहन करतं. दोन्ही मिळून लाकूड होतं.

सुक्या लाकडाच्या वजनात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असतं. जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये सेल्युलोजनंतर सर्वांत जास्त सापडणारा नैसर्गिक पॉलिमर हाच. पॉलिमर म्हणजे छोटे छोटे रेणू जोडून बनलेला मोठा रेणू. प्लास्टिक हा माणसाने केलेला पॉलिमर. पण झाडं हे काम ४० कोटींपेक्षा जास्त वर्षांपासून करतायत.

लॅटिनमध्ये लाकडाला ‘लिग्नम’ म्हणतात. त्यावरून स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कान्दोल यांनी १८१३ मध्ये ‘लिग्निन’ हा शब्द वापरला. २०२४ च्या शेवटी जपानच्या क्योटो विद्यापीठाने अवकाशात सोडलेल्या छोट्या लाकडी उपग्रहाचं नाव ‘लिग्नोसॅट’, तेही याच शब्दावरून.

ज्याचा कोड कुठेच लिहिलेला नाही असा पॉलिमर

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हा भाग सगळ्यात भारी वाटला.

प्रोटीन कसं बनतं? डीएनएमध्ये क्रम लिहिलेला असतो, पेशी तो वाचते आणि त्याच क्रमाने कडी जोडत जाते. म्हणजे पक्का कोड. सेल्युलोज कसं बनतं? एक साधं लूप: ग्लुकोज जोड, पुन्हा ग्लुकोज जोड, पुन्हा जोड.

लिग्निनचं तसं नाही. पेशी आधी तीन प्रकारच्या विटा तयार करते. पॅरा-कुमारिल अल्कोहोल, कोनिफेरिल अल्कोहोल आणि सिनॅपिल अल्कोहोल अशी त्यांची नावं आहेत. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच बघा की तिघांच्या मध्यभागी सहा कार्बनचं तेच कडं आहे, फरक फक्त त्या कड्याला बाजूने लागलेल्या गटांमध्ये. या विटा पेशीच्या आत बनतात आणि भिंतीत पाठवल्या जातात.

भिंतीत लॅकेस आणि पेरॉक्सिडेज नावाची एन्झाइम बसलेली असतात. ती प्रत्येक विटेतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. झालं, ती वीट आता अस्वस्थ झाली. रसायनशास्त्रात याला मुक्त मूलक म्हणतात. अशा दोन अस्वस्थ विटा जवळ आल्या की जोडल्या जातात. कुठल्या बाजूने? जी बाजू त्या क्षणी सोयीची असेल तिने! एकच वीट चार-पाच वेगवेगळ्या पद्धतींनी जोडली जाऊ शकते.

त्यामुळे लिग्निनला ठरलेला क्रम नाही. एकाच झाडातल्या लिग्निनचे दोन तुकडे घेतले तर ते हुबेहूब सारखे निघतील याची खात्री नाही. कुठल्या विटा किती पाठवायच्या एवढं झाड ठरवतं, त्या कशा जोडल्या जातील हे बरंचसं रसायनशास्त्रावर सोडून देतं. देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत जवळजवळ सगळ्या विटा कोनिफेरिलच्या असतात, सागासारख्या रुंद पानांच्या झाडांत कोनिफेरिल आणि सिनॅपिल, तर गवत, भात, ऊस यांच्यात तिन्ही.

आता हा गोंधळ झाडाचा दोष वाटेल. पण तीच त्याची सिक्युरिटी आहे. कुठलंही एन्झाइम हे विशिष्ट कुलपाच्या किल्लीसारखं असतं. सेल्युलोजमध्ये एकच कुलूप पुन्हा पुन्हा येतं, एक किल्ली मिळाली की सगळी साखळी उघडते. लिग्निनमध्ये कुलपं वेगवेगळी आणि त्यांचा क्रमही ठरलेला नाही. त्यामुळे जंतूंना एका किल्लीवर ते फोडता येत नाही.

झाडाला याची गरज का पडली?

शेवाळाला लिग्निन लागत नाही, कारण ते ओल धरून जमिनीलगत वाढतं. उंच व्हायचं तर दोन अडचणी येतात: स्वतःचं वजन पेलायचं आणि मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत न्यायचं.

पाण्याचा मुद्दा जास्त मजेशीर आहे. झाडात पंप नसतो. पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीने खालचं पाणी वर खेचलं जातं. आता कागदी स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढून बघा. स्ट्रॉ मऊ झाली की आतल्या बाजूला चेपते आणि बंद होते. झाडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांवर यापेक्षा कितीतरी जास्त ओढ असते. त्या चेपत नाहीत कारण त्यांच्या भिंतींना लिग्निनचा गिलावा असतो. शिवाय लिग्निन पाण्याला फारसं जवळ करत नाही, म्हणून भिंतीतून पाणी झिरपून वाया जात नाही. कॅलिफोर्नियातलं सर्वांत उंच रेडवूड ११५ मीटरपेक्षा उंच आहे. त्याच्या शेंड्यापर्यंत पाणी पोहोचतं ते याच नळ्यांतून.

आणखी एक गोष्ट. या नळ्यांच्या पेशी लिग्निनचा थर पूर्ण झाला की मरतात. आतलं सगळं विरघळून जातं आणि पोकळ पाईप शिल्लक राहतो. म्हणजे झाडाची पाण्याची लाईन मेलेल्या पेशींची असते.

स्वयंपाकघरात भेटणारं लिग्निन

भाजीवाल्याकडे आई भेंडीचं टोक मोडून बघते ना? टचकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. ही लिग्निनची टेस्टच आहे. भेंडी झाडावर जास्त दिवस राहिली की तिच्या तंतूंमध्ये लिग्निन साठत जातं आणि ती दोरीसारखी होते. शेवग्याची शेंग चावून झाल्यावर उरणारा चोथा, पेरू खाताना दाताखाली येणारी कचकच, आंब्याची कडक कोय, नारळाची करवंटी, सगळीकडे लिग्निन आहे.

कापूस आणि काथ्या शेजारी ठेवून बघा. कापूस नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज आहे, लिग्निन जवळजवळ नाहीच. म्हणून तो मऊ आणि पांढरा. काथ्यात सुमारे ४० टक्के लिग्निन असतं. म्हणून तो राठ, तपकिरी, आणि खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. कोकणात होड्या बांधायला काथ्याचे दोर वापरत आले त्यामागे हेच कारण.

मग कात्रण पिवळं का पडलं?

लाकडापासून कागदाचा लगदा करायच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली यांत्रिक. लाकूड दगडावर किंवा यंत्रात घासून त्याचे तंतू मोकळे करायचे. यात लाकडातलं जवळजवळ सगळं कागदात येतं, लिग्निनसकट. माल जास्त निघतो, खर्च कमी. वर्तमानपत्र एका दिवसासाठीच असतं, त्यामुळे न्यूजप्रिंटला ही पद्धत परवडते. आपल्याकडची पहिली न्यूजप्रिंट गिरणी १९५५ मध्ये मध्य प्रदेशात नेपानगरला सुरू झाली. बऱ्हाणपूरजवळचं हे गाव, आपल्या जळगावपासून फार लांब नाही. तिथे सलईचं लाकूड वापरलं जायचं.

दुसरी पद्धत रासायनिक. तिचा सर्वांत चालणारा प्रकार म्हणजे क्राफ्ट, जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये शोधलेला. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात १७० अंश सेल्सियसच्या आसपास शिजवायचे. लिग्निनचे तुकडे होऊन ते पाण्यात उतरतं, तंतू शिल्लक राहतात. उरलेलं थोडं लिग्निन ब्लीच करून काढलं की पांढरा कागद मिळतो. ब्लीच न करता तसाच ठेवला तर तपकिरी. ऑनलाईन मागवलेल्या वस्तूचा खोका ज्या रंगाचा असतो, तो रंग उरलेल्या लिग्निनचा.

आता पिवळेपणाकडे येऊ. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की लिग्निनच्या कड्यांमध्ये बदल होतो आणि क्विनोनसारखे नवे रेणू तयार होतात. हे रेणू निळा प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्यातून निळा काढला की आपल्या डोळ्यांना पिवळं-तपकिरी दिसतं. उन्हात हे काही दिवसांत होतं. अंधाऱ्या फाईलमध्येही होतं, फक्त वर्षं लागतात.

कागद ठिसूळ होतो त्याचं कारण थोडं वेगळं आहे. लिग्निनचं ऑक्सिडेशन होताना आम्लंही तयार होतात. ही आम्लं सेल्युलोजचे लांब धागे तोडतात. सळयाच तुटल्या तर स्लॅब टिकणार कसा? आईचं कात्रण घडीवर तुटलं ते यामुळे. दाखल्याचा कागद बहुधा रासायनिक लगद्याचा असणार, त्यात हा त्रास फारच कमी.

जुन्या पुस्तकांना जो गोडसर वास येतो, त्यातही लिग्निनचा हात आहे. ते तुटताना व्हॅनिलिन सुटतं, व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य रेणू. नॉर्वेतली बोरेगार्ड ही कंपनी १९६२ पासून स्प्रूस लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवते.

लिग्निन तोडतं कोण?

निसर्गात हे काम मुख्यतः बुरशी करतात. ‘पांढरी कूज’ करणाऱ्या बुरशी लिग्निन खाऊन टाकतात आणि मागे फिकट, पांढुरकं लाकूड उरतं. त्यांची एन्झाइम किल्लीसारखी वागत नाहीत, सरळ हातोडा चालवतात. लिग्निनमधून इलेक्ट्रॉन हिसकावतात, मग रेणू स्वतःच ठिकठिकाणी फुटतो. असं पहिलं एन्झाइम, लिग्निन पेरॉक्सिडेज, १९८३ मध्ये सापडलं.

आणि ही बुरशी तुम्ही खाल्लेली असू शकते. धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, याच गटातली. म्हणून तर ती भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर मस्त वाढते.

इथे एक व्हायरल ‘फॅक्ट’ तपासून घेऊ. तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल की सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वी लिग्निन खाणारी बुरशीच नव्हती, म्हणून झाडं न कुजता साठली आणि त्यांचा कोळसा झाला. २०१२ च्या एका जनुकीय अभ्यासाने अशी शक्यता मांडली होती खरी. पण २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की त्या काळातल्या कोळसा बनवणाऱ्या कित्येक वनस्पतींत लिग्निन फारसं नव्हतंच. दलदली आणि खचत जाणारी जमीन हे कारण त्यांना जास्त पटतं. त्यामुळे ती गोष्ट पुढे पाठवताना ‘सिद्ध झालंय’ असं लिहू नका.

कचरा की कच्चा माल?

कागद उद्योगात लिग्निनवर एक जुना विनोद आहे: लिग्निनपासून काहीही बनवता येतं, फक्त पैसा सोडून. क्राफ्ट पद्धतीत निघालेलं काळं पाणी आटवून गिरण्या ते भट्टीत जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, रसायनंही परत मिळतात. म्हणजे ते अगदीच वाया जात नाही. पण इतका गुंतागुंतीचा रेणू जळण म्हणूनच संपतो. कारण वर सांगितलंच: दोन तुकडे सारखे नाहीत. कारखान्याला मात्र दर वेळी सारखाच माल हवा असतो.

हे चित्र हळूहळू बदलतंय. तीन उदाहरणं बघा.

इथेनॉल: पेंढ्यातल्या सेल्युलोजपासून साखर आणि साखरेपासून इथेनॉल करता येतं, पण मध्ये लिग्निनची भिंत आहे. आधी ती सैल करावी लागते, मगच एन्झाइम आत पोहोचतात. हरियाणात पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलचा असा प्रकल्प देशाला अर्पण झाला. वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. जो पेंढा शेतात जाळला की उत्तर भारतात धुराने श्वास घेणं अवघड होतं, तोच हा पेंढा.

रस्ता: इथेनॉल काढल्यावर लिग्निन उरतं. ते काळपट, चिकट, पाण्याला न जुमानणारं. डांबराची आठवण आली ना? डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या एका छोट्या पट्ट्यावर डांबराचा काही भाग लिग्निनने बदलून रस्ता केला गेला. प्राज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यात होत्या. भारत डांबराचा बराचसा भाग आयात करतो, त्यामुळे ही चाचणी टिकली तर मोठी गोष्ट ठरेल. रस्ता किती पावसाळे काढतो, खरी परीक्षा ती.

बॅटरी: तुमच्या फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं. लिग्निन हवेशिवाय खूप तापवलं की त्यातून ‘हार्ड कार्बन’ मिळतो, आणि तो ग्रॅफाइटच्या जागी वापरता येतो. फिनलंडमधल्या स्टोरा एन्सो कंपनीने २०२१ मध्ये सुनिला इथे यासाठी प्रायोगिक कारखाना सुरू केला. ग्रॅफाइटच्या थरांमध्ये सोडियम नीट बसत नाही, हार्ड कार्बनच्या वेड्यावाकड्या रचनेत बसतो. म्हणून स्वस्त सोडियम-आयन बॅटरीसाठी यावर सगळ्यांचं लक्ष आहे. अजून तुमच्या हातातल्या फोनमध्ये हे आलेलं नाही, हेही लक्षात असू द्या.

घरी करून बघा

वर्तमानपत्राच्या न छापलेल्या कोऱ्या कडेची एक पट्टी आणि प्रिंटरच्या कागदाची एक पट्टी घ्या. दोन्हींवर मध्यभागी एकेक नाणं ठेवा आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत आठवडाभर राहू द्या. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकाच वेळी, एकाच उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. वर्तमानपत्रावर नाण्याखालचा गोल फिकट राहील आणि बाकीचा भाग पिवळा होईल. प्रिंटरच्या कागदावर हा फरक जेमतेम दिसेल.

आणि जुनी कात्रणं वाचवायची असतील तर

मी ज्या क्रमाने केलं तोच सांगतो.

१. आधी फोटो. घडी जबरदस्तीने उघडू नका, जेवढी उघडेल तेवढीच. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, फोनच्या स्कॅनरने कॉपी घ्या. ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावलेली एक आणि मूळ रंगातली एक अशा दोन ठेवा. एक क्लाऊडवर, एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये.

२. चांगल्या पांढऱ्या कागदावर प्रिंट काढा. मूळ कात्रण गेलं तरी ती टिकेल.

३. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत स्वतःच तपकिरी होतो. लॅमिनेशनमध्ये आम्ल आतच अडकतं आणि ते पुन्हा काढता येत नाही.

४. मूळ कात्रण कोरड्या, अंधाऱ्या जागी, दोन पांढऱ्या आम्लमुक्त कागदांच्या मध्ये ठेवा. इतर कागदपत्रांना ते थेट चिकटून राहू देऊ नका, त्याचं आम्ल शेजारच्या कागदातही उतरतं.

आईच्या कात्रणाचे दोन्ही तुकडे शेजारी मांडून मी स्कॅन केले. पेपर तपकिरी झाला होता तरी आजोबांची निळी रेघ स्पष्ट आली. प्रिंट काढून आईला दिली तेव्हा ती नंबर न बघता रेघेकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आजोबांनी त्या दिवशी दोन पेपर घेतले होते. दुसरा कुठेतरी असेल अजून.”

तुमच्याही घरात अशी एखादी फाईल असेलच. लिग्निन सुट्टी घेत नाही. या रविवारी उघडून बघा.